वावटळीनं आणून दिलेली परात

"कुमुद, कुरडया राहू दे! आत ये आधी!"

आई न्हाणीच्या दारातून ओरडत होती आणि मी अंगणातल्या बाजेवरच्या कुरडया भराभर टोपलीत कोंबत होते. ओल्या, अर्ध्या वाळलेल्या, मोडलेल्या, जशा हाताला लागतील तशा. पहाटे उठून तो चीक मी घोटला होता. घोटता घोटता खांदे भरून आले होते. ते सगळं असं सोडून पळायला जीव होत नव्हता.

"वावटळच तर आहे!" मी म्हटलं.

आमच्या बोरमाळीत उन्हाळ्यात दिवसातून दोन-तीन वावटळी अंगणातून जायच्या. पाचोळा, कागद, थोडी धूळ, आणि खेळ खलास. वावटळीत भूत असतं म्हणून बायका पदर सावरून बाजूला होत आणि थुंकत. आईनेही दारातूनच त्या दिशेला थू थू केलं. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, तेही अकोल्याला होस्टेलमध्ये राहून शिकणारी, त्यामुळे मला हसू आलं.

मग नाल्यापलीकडचं बाभळीचं एक आख्खं झाड मुळासकट वर गेलं. ढगाच्या पोटातून काहीतरी काळं खाली लोंबत होतं आणि त्याचं टोक आमच्याकडे येत होतं. मी टोपली टाकली आणि धावले.

आमचं घर मातीच्या भिंतींचं आणि पत्र्याचं, पण न्हाणी तेवढी दगडी होती. चुलाण्याला बिलगून आम्ही दोघी बसलो. कानात दडे बसले. कोणी आमच्या डोक्यावर पिठाची गिरणी सुरू केली आहे असं वाटलं. आईने माझं डोकं आपल्या मांडीत दाबून धरलं होतं आणि ती काय म्हणत होती ते मला ऐकू येत नव्हतं. हे किती वेळ चाललं ते सांगता येणार नाही, पण फार नसावं.

बाहेर आलो तर घरावर छप्पर नव्हतं. माळा रिकामा होता. वर्षाचा गहू, पापड-वड्यांचे डबे, जुन्या सतरंज्या, ताईच्या लग्नातली उरलीसुरली भांडी, सगळं गेलं होतं. आणि शेजारच्या दगडूकाकांच्या दोरीवरचं धोतर जागचं हललंही नव्हतं. एक घर गेलं आणि लागून असलेलं घर तसंच राहिलं, असं वादळ गावातल्या कोणी पाहिलं नव्हतं.

बाबा मारुतीच्या पारावरून धापा टाकत आले. आम्हाला धडधाकट बघून त्यांनी हात जोडले. मग मान वर करून म्हणाले, "माळ्यावरचं?"

"काही राहिलं नाही," आई म्हणाली.

बाबा उंबऱ्यावर बसले. मला वाटलं, छपराचं दुःख. मी म्हटलं, "बाबा, माणसं वाचली, पत्रे काय, येतील." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

माझे बाबा म्हणजे धोटे गुरुजी. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी बाराखडी शिकवली होती. भांडणात शब्द त्यांचा, पत्रिकेचा मजकूर त्यांचा, पंधरा ऑगस्टचं भाषण त्यांचं. बाजारात त्यांच्यासोबत चाललं की दर चार पावलांना कोणीतरी रामराम करायचं, आणि तो रामराम आपल्यालाही आहे असं समजून मी ऐटीत चालायचे.

दोन दिवसांनी नागपूरहून बोकारे सर आले. कॉलेजात भूगोल शिकवत. रेडिओवर बातमी ऐकून एस.टी.ने एकटेच आले होते, डोक्याला रुमाल बांधून. चावडीवर सगळ्यांच्या देखत त्यांनी विचारलं, "ढग जमिनीला टेकलेला कोणी पाहिला?" मी पाहिला होता. मी सांगितलं. सर उभेच राहिले.

"मग ही वावटळ नव्हे. वावटळ जमिनीवरून उठते. हा वरून खाली आला. हा टॉर्नेडो!"

"ते तर अमेरिकेत होतात," मी म्हटलं.

"तेच तर! इथं यायचं त्याला काही कारण नव्हतं," सर म्हणाले, आणि इतके आनंदाने म्हणाले की ज्यांची घरं पडली होती तेही हसले.

बाबाच पुढे होऊन म्हणाले, "आमची मुलगी बी.एस्सी. करते. तिला घ्या मदतीला." आणि मी लागले मदतीला.

सरांचं काम साधं होतं. कोणाची वस्तू कुठल्या घरातून उडाली आणि कुठे जाऊन पडली हे विचारायचं आणि गावच्या नकाशावर लाल पेन्सिलीने बाण काढायचा. शाळेपुढच्या लिंबाखाली टेबल मांडलं. लोक शेताशिवारातून गोळा केलेलं सामान तिथे आणून टाकत होते. गोधड्या, सुपं, कोणाची धोतरं, आणि ढीगभर भांडी.

भांड्यांवरची नावं बघून तर सर वेडेच झाले. आपल्याकडे लग्नकार्यात भांडी गावभर फिरतात, अदलाबदल होते, म्हणून प्रत्येक बाई आपल्या भांड्यावर नाव घालून घेते. त्यात आम्हाला काही विशेष वाटत नव्हतं. सर मात्र एक पेला हातात धरून म्हणाले, "ताई, जगात कुठेही वादळानं उडवलेल्या वस्तूवर मालकाचा पत्ता नसतो. तुमच्या गावात आहे!"

मी भांडं उचलायचे, ठणठणीत आवाजात नाव वाचायचे, कुठे सापडलं ते आणणारा सांगायचा आणि सर बाण काढायचे. दुपारपर्यंत नकाशा असा रंगला की बघायला गर्दी झाली. नाल्याच्या डाव्या हाताच्या घरांचे सगळे बाण मागे वळलेले होते, आणि उजव्या हाताचे पुढे, गावाबाहेरच्या माळाकडे गेलेले. सरांनी हवेत बोट गोल फिरवून सगळ्यांना समजावलं, "भोवरा असा फिरत फिरत पुढे चालला होता. त्याच्या एका कडेला वारा पुढे, दुसऱ्या कडेला मागे. म्हणून सामानही तसंच गेलं." मी तेच पुन्हा गावच्या भाषेत सांगितलं. बाबा शाळेच्या पायरीवर बसून ऐकत होते. मला कॉलेजात पाठवू नका म्हणणारे दोघेतिघे समोरच होते, त्यामुळे मी जरा जास्तच रंगवून सांगितलं.

तेवढ्यात रामजी तेलमोरे माळाकडून आला. डोक्यावर एक मोठी पितळी परात होती. कडेला चेपलेली, बाकी धड.

"माळावरच्या बाभळीत अटकली होती," तो म्हणाला. "धोट्याइच्या घरचे डबे सापडले ना, त्याच्याच बाजूले."

मी परात पुसली आणि वाचलं, "चि. सौ. कां. अनसूया हिस माहेरची भेट."

गर्दी परातीभोवती दाटली. सरांना काही समजलं नाही. ते पेन्सिल धरून म्हणाले, "अनसूया कोण? त्यांचं घर कुठे?"

अनसूयाबाई म्हणजे पाटलीणबाई. त्यांचं घर वरच्या आळीत.

"पण वरच्या आळीत तर वादळ गेलंच नाही," सर नकाशावर वाकून म्हणाले. "तिथल्या घराची परात उडेल कशी?"

ही परात गावात कोणाला माहीत नव्हती असं नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाला पाटलांच्या घरून भांडी आणली होती. लग्न झालं, भांडी परत गेली, आणि ही परात कमी भरली. माहेरची म्हणून पाटलीणबाईंनी आकाशपाताळ एक केलं. लग्नात भांडी घासायला कौसाबाई होती. तिचं घर उलथंपालथं करून शोधलं, परात सापडली नाही, पण नाव लागलं ते लागलं. तिची चार घरची कामं सुटली. तेव्हापासून ती गावची परातवाली. मी तेव्हा लहान होते. तिचं नाव कौसल्या आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं, तोवर परातवाली हेच तिचं नाव असावं अशी माझी समजूत होती.

पाटलीणबाई आल्या. परातीवरून हात फिरवून म्हणाल्या, "माहीच हाय."

आणि सगळ्या माना एकदम वळल्या. कौसाबाई ढिगाच्या पलीकडे आपली फाटकी गोधडी झटकत उभी होती. तिचंही घर वादळात गेलं होतं.

"म्हंजे घरातच दडवून ठेवली होती तं!" सरपंच म्हणाले. "पत्रा उडाला आन् चोरी उघडी पडली."

"मी नाही घेतली," कौसाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं असावं की त्यात जोर लावायचं तिने सोडून दिलं होतं.

"मंग कोठून आली? आभाळातून पडली?"

"मले काय मालूम."

"हे पाय कौसा, तालुक्यावरून टिनपत्रे येऊन राहिले. ते गरिबाइसाठी हायेत, चोट्ट्याइसाठी नाही. तुहं नाव मी कापतो, आन् पोलिसपाटलाले बोलावतो."

कौसाबाईने गोधडीची घडी घातली आणि ती छातीशी धरली. अंगावर काही पडणार असलं की माणूस हात आडवा धरतो तशी. ते मला बघवलं नाही. शिवाय माझ्यासमोर नकाशा होता.

"सरपंचकाका, थांबा," मी म्हटलं. "ही परात कौसाबाईच्या घरची असूच शकत नाही."

"कुमुद," पायरीवरून बाबा म्हणाले, "तू घरी जा. आई एकटी आहे."

"जाते, बाबा. एवढं सांगून जाते." मी नकाशा उचलून सगळ्यांना दिसेल असा धरला. "कौसाबाईचं घर नाल्याच्या डाव्या हाताला. तिचं सामान कुठे सापडलं? गोधड्या जुन्या विहिरीपाशी, पातेलं त्याच्याही मागे. तिच्या शेजारच्या दोन्ही घरांचं तसंच, सगळं मागे. आणि परात सापडली पुढे, माळावर. डाव्या हाताचं एक भांडं तरी माळावर गेलंय का? सांगा!"

लोक नकाशाकडे बघू लागले. रामजी म्हणाला, "खरं हाय."

"बरोबर, ताई," सर म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "अगदी बरोबर."

"कुमुद, पुरे झालं म्हणतो ना!" बाबा उभे राहिले होते. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता. मला वाटलं, सरपंचांशी वाद घातलेला त्यांना आवडत नाहीये. मुलीच्या जातीनं चारचौघांत इतकं बोलू नये, असं त्यांनाही वाटतंय की काय, या विचाराने मला रागच आला. त्यांनीच तर मला शिकवलं होतं की खरं असेल ते उभं राहून सांगावं. मी त्यांच्याकडे पाठ केली.

"परात उजव्या हाताच्या घरातून गेली," मी म्हटलं. "उजव्या हाताला वादळानं काय काय घेतलं? शाळेची एक खोली. तिथे परात कशी असेल? दगडूकाकांचा घरापासून लांबचा, नाल्याकाठचा गुरांचा गोठा. तिथे तर पेंढीशिवाय काही नव्हतं. आणि तिसरं—"

मी थांबले.

सर थांबले नाहीत. ते कामात होते. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं आणि बाभळीपासून मागे मागे रेघ ओढत आणली. "तिसरं घर. त्यांचे डबेही परातीशेजारीच सापडले. सरळ आहे. धोट्यांच्या घरातून." त्यांनी बाण पुरा केला आणि वर पाहिलं. "धोटे कोण?"

सर मला ताई म्हणत होते आणि बाबांना गुरुजी. आमचं आडनाव त्यांनी विचारलंच नव्हतं.

"धोटे आहेत का इथे?" त्यांनी पुन्हा विचारलं. नकाशा माझ्या हातात तसाच होता आणि मला तो खाली ठेवणंही सुचत नव्हतं. मी बाबांकडे बघितलं. त्या क्षणी त्यांनी रागावून "खोटं आहे" म्हटलं असतं तर मी नकाशा फाडला असता, सरांना खोटं पाडलं असतं, काहीही केलं असतं. बाबा जमिनीकडे बघत होते. मला लाज वाटली. भर गावात कोणी अंगावरची वस्त्रं ओढून घ्यावीत तसं झालं.

आई कधी आली होती कोण जाणे. तीच गर्दीतून पुढे आली.

"लग्नानंतर आठेक दिवसांनी सापडली," ती पाटलीणबाईंना म्हणाली. "बुंदीच्या टोपल्याखाली होती. उरलेली बुंदी झाकून ठेवली होती ना, त्याच्याखाली. मी म्हटलं यांना, आत्ताच्या आत्ता नेऊन देते."

"मग दिली काहून नाही, वो बाई?" पाटलीणबाईंनी विचारलं.

आई बाबांकडे बघत राहिली.

"मी नको म्हटलं," बाबा म्हणाले. "तोवर कौसाबाईच्या घराची झडती झाली होती. गावभर झालं होतं. आता आपल्या घरातून परात निघाली तर लोक म्हणतील, मास्तरानं दडवली आणि गरिबावर घातली. मुलगी नुकतीच सासरी गेली होती. तिच्या सासरी कळलं असतं. मला वाटलं, चार दिवसांनी लोक विसरतील."

बोकारे सरांनी हळूच पेन्सिल खिशात ठेवली. सरपंच घसा खाकरून म्हणाले, "बरं, झालं गेलं. गुर्जी काही मुद्दाम करनारे मानूस नाहीत. कौसा, तुले पत्रे भेटतीन. पाटलीनबाईले परात भेटली. मिटलं."

माणसं जरा सैल झाली. कोणीतरी तंबाखूची चंची काढली. मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. मला एवढंच हवं होतं की आता सगळ्यांनी उठावं आणि आपापल्या घरी जावं.

कौसाबाईने गोधडी खाली ठेवली आणि ती चालत बाबांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. पाय अनवाणी, नाल्याच्या चिखलाने घोट्यापर्यंत भरलेले.

"गुर्जी, माह्या गनपतले शाळेत पोट्टे परात-परात म्हनून चिडवत. एक डाव तुमी त्या पोट्ट्याइले छडीनं लय मारलं. आठवते?"

"आठवते," बाबा म्हणाले.

"गनपतनं घरी येऊन सांगतलं. मी शेतातलं निंदन सोडून तशीच शाळेत आली. सगळ्या वर्गासमोर तुमच्या पाया पडली. म्हटलं, ह्या गावात एक तरी मानूस देव हाय."

बाबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"तवा परात कोठी होती, गुर्जी?"

"माळ्यावर."

"मंग ते पाया पडनं मले वापस द्या."

सरपंच म्हणाले, "अवं कौसा, काही रीतभात? गुर्जीचं वय पाय, मान पाय—"

"मी पत्रे नाही मांगत. नाव कापाचं तं कापा," ती त्यांच्याकडे न बघताच म्हणाली. "माहं हाय तेवढंच मांगतो."

आईच पुढे झाली आणि वाकायला लागली. कौसाबाई चटकन मागे सरकली. "तुमी नाही, बाई. तुमच्या पाया मी कवाच पडली नाही."

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला. टोपी काढली, ती कुठे ठेवावी ते न कळून काखेत धरली. आणि ते वाकले.

आपल्याकडे मोठं माणूस असं वाकू लागलं की समोरचा त्याला पुरतं वाकू देत नाही. अर्ध्यातच दंडाला धरतो, "अहो, हे काय, राहू द्या, राहू द्या" म्हणतो, आणि वाकणारा सरळ होतो. वाकलेलंही होतं, मानही राहतो. बाबाही अर्धे वाकून थांबले. सगळं गाव थांबलं. मी कौसाबाईच्या हातांकडे बघत होते. तिच्यावरचा आळ मीच खोटा ठरवला होता, मघाशी तिच्यासाठी मीच भांडले होते, आणि आता मी मनातल्या मनात तिला म्हणत होते, अडव, अडव ना गं, झालं ना आता, धर त्यांना.

तिचे हात दोन्ही बाजूंना तसेच लोंबत राहिले.

बाबा वाट बघत होते. काखेतली टोपी खाली पडली. मग त्यांना कळलं की कोणी धरणार नाही. त्यांनी एक गुडघा जमिनीवर टेकला, दुसरा टेकला, आणि दोन्ही हात त्या चिखलाच्या पायांवर ठेवून डोकं खाली नेलं.

कौसाबाई त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या मनात काय चाललं होतं ते तिला स्पष्ट दिसत होतं, आणि मी मान खाली घातली.